डावा पाय

थांब ह्लोद्वेर, आधी रेडिओ बंद कर.
आणि तूही जरा गप्प बस.
गाडीचं दुखणं
मला गाडीच्याच तोंडून ऐकू दे.

अडतीस इंची टायर!
उतरतोस तो शिडीवरून उतरल्यासारखा,
पाठमोरा, दाराला धरून.
आत घेताना तुझी हायलक्स
माझ्या गॅरेजचं छप्पर चाचपत आली.
बाहेर एगिल्स्स्तादिरचा नोव्हेंबर,
साडेतीनलाच दिवस आवरून ठेवलेला.

हं, सांग आता.
चढावर, चौथ्या गिअरमध्ये,
इंजिन ओरडतं आणि गाडी ऐकत नाही?
काटा चार हजारांवर, आणि मेंढ्या भरलेला ट्रक
तुला ओलांडून जातो?
वास येतो? करपल्याचा?
उतू गेलेल्या दुधासारखा... नाही, तसा नाही.
केस जळल्यासारखा.
ठीक.

हँडब्रेक ओढ. चौथा टाक.
आता पाय हळूहळू सोड, पूर्ण सोड.
क्लच धड असता तर इंजिनानं
एक आचका देऊन मान टाकली असती.
हे बघ, मरतच नाही.
मरायला हवं तिथं न मरणं
हाही आजारच.

मी खाली जाते. बॅटरी धर. माझ्या डोळ्यांवर नको रे!
बेल हाउसिंग कोरडं. म्हणजे तेल गळत नाही.
सिलिंडर कोरडा. नवाही दिसतो.
काकानं सांगितलं म्हणून बदललास?
चोर सोडून संन्याशाला सुळी.
पेडल दाब.
बेअरिंग कण्हतं, ऐकलंस?
सोड.
गप्प झालं.

चाकं वाढवलीस,
डिफरन्शियलचे दात मात्र जुनेच.
तुझा पहिला गिअर आता जवळजवळ दुसरा झालाय.
इंजिन केव्हाचं निघालेलं,
चाकं अजून निघायची,
आणि मधली ती चकती
दोघांची समजूत घालता घालता झिजते.
पण ही सगळ्यांचीच गोष्ट.
या गावातल्या निम्म्या गाड्या अशाच, उंच टाचांच्या.
त्यांच्या प्लेटा दोन हिवाळे तरी काढतात.
तुझी आठ महिन्यांत गेली.

बूट काढ.
दोन्ही. लाजू नकोस, मोजे मीही फाटकेच घालते.

उजव्याची नक्षी शाबूत आहे.
डावा पुढून गुळगुळीत,
आणि त्यावर पेडलच्या रबराच्या रेघा,
एक, दोन, तीन, चार,
छापल्यासारख्या.

कधीपासून?

जूनपासून, तो म्हणाला.
हिमनदीचं पाणी होतं, राखेच्या रंगाचं.
मधोमध इंजिन बंद पडलं.
शेजारी आर्ने, माझी बहीण.
पाणी दाराच्या फटीतून आत आलं
आणि ती आकडे मोजायला लागली, मोठ्यानं.
कशाचे, ते अजून विचारलेलं नाही.
दोनशे चाळीसला पलीकडून दोर आला.

तेव्हापासून सिग्नलला, चढावर, सरळ रस्त्यावरही
डावा पाय अर्धा दाबलेला.
न जाणो, बंद पडली तर.

मी हात पुसले. बराच वेळ पुसले,
नव्हते तेवढे मळलेले.

लिहून घे.
प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग.
पुढचे-मागचे दात बदलायचे, आकुरेरीहून मागवते,
नऊ दिवस लागतील.
चाकं राहू देत, बर्फात लागतातच.
आणि गाडी न्यायला येशील तेव्हा
या अंगणात ती दहा वेळा बंद पाडायची.
मुद्दाम. धडाधड. पाय झटकून.
मी कॉफी घेऊन दारात उभी राहीन.
आर्ने येत असेल तर तिलाही आण,
मोजायला.

आणि बूट घाल.
असाच निघालास की, बाहेर बर्फ आहे.